तानेलीचा सोनेरी शनिवार

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला अर्वो एक खोकं घेऊन खेळाडूंच्या खोलीत आला आणि ते त्याने तानेलीच्या मांडीवर ठेवलं. अर्वो हा इसोलाम्पीच्या आइस हॉकी संघाचं सामान सांभाळणारा माणूस. स्केटच्या पात्यांना धार लावायची, ओले हातमोजे वाळवायचे आणि सगळ्यांची गुपितं पोटात ठेवायची, ही त्याची तीस वर्षांची नोकरी.

"हे काय?" तानेलीने विचारलं.

"उघड तर खरं. साप नाही निघायचा."

खोक्यात सोनेरी हेल्मेट होतं. चकचकीत, पितळी घंगाळ घासूनपुसून ठेवावं तसं. खोलीतले वीस जण असे हसले, की भिंतीला टेकवलेल्या स्टिक खाली घरंगळल्या.

"आजोबा! आजोबा राजा झाले रे!" वेटी ओरडला. वेटी संघातला सगळ्यात लहान गडी, एकोणीस वर्षांचा. छत्तीस वर्षांच्या तानेलीला आजोबा म्हणायचा पहिला मान त्याचाच.

आता, फिनलंडच्या वरच्या लीगमध्ये ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गोल केला तर एक गुण, गोलाआधीच्या शेवटच्या दोन पासांनाही एकेक गुण. संघात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याने सामन्यात सोनेरी हेल्मेट घालायचं, म्हणजे वरच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळावं की संघाचा हुकमी गडी कोणता. इसोलाम्पीत ते हेल्मेट कॅनडाहून आणलेल्या एका गड्याच्या डोक्यावर असायचं, पण त्याचं मनगट मोडलं. मग ते एका चेक गड्याकडे गेलं, तो मंगळवारी स्वित्झर्लंडच्या क्लबाने उचलला. राहिला कोण? बचावपटू तानेली मोइलानेन, अठरा गुण. त्यातले सोळा असे, की त्याने पक, म्हणजे रबराची ती काळी चकती, मागून पुढे ढकलला, पुढच्याने त्याच्या पुढच्याला दिला आणि गोल झाला. त्याच्या मागे वेटी, सतरा गुण.

"चूक आहे ही," तानेली म्हणाला. "पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलंय. घाल."

"नाही घातलं तर?"

"लीगचा नियम आहे. नाही घातलं तर क्लबाला दंड. आणि मग मला शिव्या."

तानेली हसण्यावारी नेत होता, पण हेल्मेट त्याने परत खोक्यात ठेवलं. कारण त्याची सोळा वर्षांची सगळी कमाई एकाच गोष्टीवर उभी होती. तो कुणाच्या डोळ्यांत भरत नसे.

वेगात तो कधीच पहिला नव्हता. फटक्यात जोर नव्हता. सातशे सामने, त्यात एक हिवाळा नॉर्वेत, तीन नकली दात, आणि सगळे मिळून एकतीस गोल. पण समोरचा गडी गोलाकडे धावला, की तानेली नेमका त्याच्या वाटेत उभा सापडायचा. जणू सहज, जणू तिथून चाललाच होता. दुसऱ्याची स्टिक तो काखेत अशी धरायचा, अर्धा क्षण, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपलाच हात घसरला. कमरेचा हलका टेकू, खांद्याची बारीकशी ढुशी. रेफ्रीला दिसायचं नाही, प्रेक्षकांना दिसायचं नाही. फक्त सामना संपला की समोरच्यांच्या मोठ्या गड्याला कळायचं, की आज आपल्याला पक मिळालाच नाही.

आणि नेमका आजचा दिवस! सकाळच्या सरावानंतर एन्सियोने त्याला कठड्यापाशी थांबवलं होतं. एन्सियो क्लबाचा कारभारी. कोण राहणार, कोण जाणार, सगळं त्याच्या हातात.

"सरळ सांगतो, तानेली. पुढच्या हंगामाला बचावात एकच जागा आहे. लॅटव्हियाचा एक पोरगा आहे, तेवीस वर्षांचा, हरणासारखा पळतो. त्याचे करार बघणारा माणूस आज रात्रीपर्यंत उत्तर मागतोय."

"मग दे की उत्तर."

"देणारच आहे. पण आधी तुला बघणार. आज वर बसून फक्त तुला बघणार. तुझ्या पायांत अजून एक वर्ष आहे असं मला दिसलं, तर जागा तुझी."

दिसलं तर! ज्याने आयुष्यभर न दिसण्याची साधना केली, त्याला आज दिसून दाखवायचं होतं. घरी बायकोला, हेन्रिकाला, त्याने काही सांगितलं नाही. तिने राय धान्याच्या भाकरीवर लोणी लावून दिलं, त्याने मुकाट्याने खाल्लं आणि तो निघाला. हॉकीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही करायचंही नव्हतं. बर्फाचा तो वास, पात्यांचा तो करकर आवाज, हे पुढच्या वर्षापासून नाही असं मनात आलं, की तो उठून स्टिकला नवी पट्टी गुंडाळायला लागायचा.

पाच वाजता सामना सुरू झाला. मेरिकारीचा संघ आला होता. शेजारचंच गाव, जुनं वैर, आणि दोन्ही संघ गुणांच्या तक्त्यात तळाला. हरेल तो शेवटच्या जागेवर. चार हजार माणसं खचाखच. तानेली सोनेरी हेल्मेट घालून बर्फावर उतरला आणि वरून अशी आरोळी उठली, की त्याला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या वरातीत शिरलो.

त्याची एक जुनी सवय होती. शिफ्ट म्हणजे बर्फावर एका दमात खेळायचा वेळ, पाऊण मिनिटाचा. तानेली ती घड्याळावर मोजत नसे. त्याची आई औने खेड्यातल्या चर्चमध्ये स्तोत्रं गायची, आणि तिच्या आवडीच्या स्तोत्राचं एक कडवं बरोबर तेवढंच भरायचं. बर्फावर उतरताना तो मनात कडवं धरायचा, शेवटचा सूर ओसरला की बाकावर परतायचा. सोळा वर्षं देवाचं नाव आणि पाय एका ठेक्यात चालले होते. आज पहिल्याच शिफ्टला सूर लागेना. डोक्यावरच्या त्या झळाळीखाली त्याला आईचा आवाजच ऐकू येईना.

चौथ्या मिनिटाला त्याने नेहमीसारखी समोरच्याची स्टिक काखेत धरली. अर्धा क्षण. शिट्टी!

रेफ्री हात वर करून त्याच्याकडे आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा नवलच जास्त होतं. "तानेली, बारा वर्षं तुझ्या सामन्यांत शिट्टी वाजवतोय मी. इतकी वर्षं तू हेच करत होतास?"

"काय करत होतो?"

"जा, बस दोन मिनिटं."

तो शिक्षेच्या पिंजऱ्यात जाऊन बसला. बाहेर आला, दहा मिनिटांनी कमरेचा टेकू दिला, पुन्हा शिट्टी. या वेळी तो पिंजऱ्यात आणि संघ एका गड्याने कमी असतानाच मेरिकारीने गोल केला. चार हजार माणसांनी एकदम श्वास सोडला. तानेलीने वर पाहिलं. वरच्या रांगेत एन्सियो कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता आणि थेट त्याच्याकडे बघत होता.

दुसरा डाव याहून वाईट. शिट्टीच्या भीतीने त्याने त्याच्या सगळ्या युक्त्या आवरत्या घेतल्या, आणि युक्त्यांशिवाय तो म्हणजे नुसता एक हळू पळणारा माणूस. त्यात मेरिकारीचे गडी मधमाशांसारखे त्याच्याभोवती. तो पक नसताना उभा राहिला तरी दोघे त्याला चिकटायचे. किम्मो तर सावलीसारखा मागे. हा किम्मो मेरिकारीचा जुना बचावपटू, तरुणपणी दोघे एकाच संघात, एकाच खोलीत राहिलेले. त्याने तानेलीला कठड्यावर असं आदळलं, की काच थरथरली.

"अरे किम्मो, तुला वेड लागलंय का? माझ्याकडे पक तरी आहे का?"

"माफ कर बाबा!" किम्मोही धापा टाकत होता. "तू गोल करणाऱ्यातला नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात नाचलोय मी. पण सोनेरी दिसलं की पाय आपोआप तिकडे पळतात! वीस वर्षांची सवय आहे, काय करू?"

मेरिकारीने दुसरा गोल टाकला. शून्य-दोन.

मध्यंतरात खोलीत कोच राइमोने रिकामी पाण्याची बाटली भिंतीवर फेकली, स्वतःच उचलून आणली आणि पुन्हा फेकली. "कुणाला काही बोलायचंय?"

तानेली गुडघ्यांवर हेल्मेट ठेवून बसला होता. किम्मोचं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. पाय आपोआप तिकडे पळतात. मन तिकडे नाही म्हणतंय, तरी पाय पळतात! आणि एकदम त्याला असं हसू फुटलं, की अर्वोने दचकून वळून पाहिलं.

"मला बोलायचंय," तानेली उठला. "राइमो, मला पुढे जाऊ दे."

"पुढे? कुठे पुढे?"

"त्यांच्या कोपऱ्यात. गोलापासून लांब, जिथून काहीच होत नाही तिथे."

"बचाव सोडून तू कोपऱ्यात जाऊन करणार काय?"

"ओरडणार. पक मागणार. दोघं तरी माझ्याकडे येणार, किम्मो तर नक्कीच. आणि वेटी, ऐक, तू माझ्याकडे बघायचं नाही. मी कितीही ओरडलो तरी पक मला द्यायचा नाही. तू गोलासमोर उभा राहा."

वेटी डोळे मिचकावत बघत राहिला. "म्हणजे आजोबा, तू मागणार आणि मी द्यायचं नाही?"

"एरवी तरी कधी देतोस?"

खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. राइमोने बाटली खाली ठेवली. "मागे जागा उघडी पडली आणि तिसरा गोल बसला, तर मी तुला इथून चालत घरी पाठवीन."

"चालेल. घर जवळच आहे."

तिसरा डाव. तानेली बर्फावर उतरला आणि काय सांगावं, पहिल्याच पावलाला सूर लागला! आईचा तोच किंचित कापरा आवाज, पहिली ओळ, दुसरी ओळ. त्या आवाजावर स्वार होऊन तो मेरिकारीच्या हद्दीची निळी रेषा ओलांडून सुसाट डाव्या कोपऱ्यात गेला आणि स्टिक बर्फावर आपटू लागला. ठक, ठक, ठक! "इकडे! इकडे दे! अरे मोकळा आहे मी!"

प्रेक्षक उठून उभे राहिले. सोनेरी हेल्मेट मोकळं! "दे त्याला! दे!" असा एकच गलका. किम्मो वळला, त्याच्यासोबत आणखी एक वळला, दोघे बर्फ उडवत कोपऱ्याकडे धावले. आणि गोलासमोर, भर मध्यावर, वेटी एकटा. पक त्याच्या स्टिकवर आला. त्याने मान वर केली, जागा पाहिली, मारला.

एक-दोन!

कोपऱ्यात दोघांच्या खाली दबलेल्या तानेलीला गोल दिसला नाही. आवाज मात्र आला, आणि त्या आवाजाने त्याच्या पाठीवरचे दोन्ही गडी ढिले पडले.

"झालं काय?" किम्मोने विचारलं.

"गोल झाला," तानेली खालून म्हणाला. "ऊठ आता, बरगड्या माझ्या आहेत."

दहा मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात पुन्हा तेच. या वेळी तर तानेलीने पक मिळाल्यासारखा नुसता हात मागे नेला, मारायचा आव आणला. पक त्याच्यापासून वीस पावलांवर होता! तरी किम्मो आला, दुसरा आला, आणि तिसऱ्यानेही दोन पावलं टाकली. वेटीला तर आता सवयच झाली होती. दोन-दोन! हॉलच्या छतावरचं बर्फसुद्धा घसरून पडलं असेल, असा आवाज. बाकावर अर्वो राइमोच्या गळ्यात पडला, मग त्याला आठवलं की हा कोच आहे, आणि त्याने त्याचा कोट सारखा करून दिला.

मेरिकारीचा कोच मात्र लालेलाल. "अरे आंधळ्यांनो! सोन्याला सोडा! त्याला काही येत नाही! सोडा त्याला!"

साठ मिनिटं संपली, बरोबरी. आता जादा वेळ. गोलकीपर सोडून दोन्हीकडे तिघेच गडी, आणि पहिला गोल करील तो जिंकला. राइमोने वेटीचं नाव घेतलं, मग एका तगड्या बचावपटूचं, आणि मग थांबला. "मोइलानेन. जा."

"मी? तिघांत?"

"जा म्हटलं ना!"

तिघांच्या खेळात बर्फ केवढं मोठं दिसतं! लपायला जागा नाही, आडोसा नाही. तानेली कोपऱ्यात गेला, ओरडला, स्टिक आपटली. किम्मोने त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली. "आज पुरे झालं तुझं," तो खांद्यावरून म्हणाला, "आम्हाला सांगितलंय तुला सोडायला." आणि तो वेटीला जाऊन चिकटला.

एक कडवं संपलं. बाकावर परत जायची वेळ, पण पक अजून आपल्याच बचावपटूकडे. तानेलीने तेच कडवं पुन्हा सुरू केलं, आणि इतक्यात त्या बचावपटूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वेटी बांधलेला. मोकळं कोण? सोनेरी हेल्मेट. त्याने पक सरकवला.

पक तानेलीच्या स्टिकवर आला. समोर कुणी नाही. खरंच कुणी नाही! पंधरा पावलांवर मेरिकारीचा गोलकीपर, आणि मध्ये स्वच्छ बर्फ. सोळा वर्षांत असं मैदान त्याने फक्त बाकावरून पाहिलं होतं.

"मार!" कुणीतरी ओरडलं.

गोलकीपरनेही ऐकलं होतं की सोन्याला काही येत नाही. पण एकटा माणूस, समोर ते झळाळतं डोकं, आणि ते चालून येतंय! त्याचाही धीर सुटला. तो गोल सोडून पुढे आला, आणखी पुढे आला, हातपाय पसरून. तानेलीने दात आवळले, तीन नकली धरून सगळे, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फटका मारला.

पक गोलाच्या दोन हात बाजूने गेला.

बाजूने! नेमही असा चुकलेला, की पोरांनी सरावात मारला तर कोच हसावा. पण जोर मात्र आयुष्यातला सगळा लागला होता. पक मागच्या कठड्यावर धाडकन आदळला, गोलाच्या दुसऱ्या अंगाने उसळून समोर आला, आणि तिथे वेटी किम्मोच्या हाताखालून सुटून पोचलाच होता. गोल उघडा. गोलकीपर कुठल्या कुठे, अजून सोन्याच्या पुढ्यात हातपाय पसरून पडलेला. वेटीने पक नुसता आत लोटला, दारातून मांजर आत घ्यावं तसा.

त्यानंतर काय झालं ते तानेलीला नीट आठवत नाही. सगळे अंगावर. कुणाचं कोपर, कुणाचा गुडघा. ढिगाखालून वेटीचा आवाज येत होता, "आजोबा, काय नेम आहे रे तुझा! काय नेम आहे!" आणि तानेली एवढा हसत होता, की त्याला श्वास घेता येत नव्हता. देवा, हेच जर शेवटचं असेल तर असू दे, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच दुसरं आलं, नको, शेवटचं नको, अजून एकदा.

खोलीत तो अजून स्केटच्या नाड्या सोडत होता, तेव्हा एन्सियो आत आला. हातात कागद. सगळे हळूच इकडेतिकडे बघायला लागले.

"वाचतो," एन्सियो म्हणाला. "शिक्षा दोन. तू पिंजऱ्यात असताना एक गोल खाल्ला. गोलावर फटका शून्य, कारण तो एकच होता आणि तो गोलावर नव्हता. पास एक, तो कठड्याने दिला, पण नावावर तुझ्या. मी संचालकांना सांगू काय? कशावर ठेवू तुला?"

राइमो पुढे झाला. "एन्सियो, पहिले दोन गोल कसे झाले ते पाहिलंस ना? याने कोपऱ्यात—"

"नाही पाहिले."

"काय?"

"नाही पाहिले म्हणतोय!" एन्सियो एकदम तांबडालाल झाला. "मी ठरवून बसलो होतो की फक्त याला बघायचं. हा कोपऱ्यात गेला, मी कोपऱ्यात बघतोय. शेजारी सगळे उड्या मारायला लागले, मी विचारतोय, काय झालं, काय झालं? दोनदा! चाळीस वर्षं हॉकी बघतोय मी, आणि दोन्ही गोल माझ्या नाकासमोरून गेले. तिकीट काढून आलेल्या पोराटोरांनी पाहिले, मी नाही पाहिले!"

अर्वोच्या तोंडून जो फवारा उडाला, त्याने खोलीभर हसण्याचा कल्लोळ झाला. एन्सियोही हसला, डोळे पुसत.

"दुसऱ्या गोलानंतरच मी लॅटव्हियाच्या माणसाला फोन केला," तो म्हणाला. "म्हटलं, तुझा पोरगा पळतो चांगला, पण मला फसवू शकेल का? तो म्हणाला, प्रश्न कळला नाही. म्हटलं, मग राहू दे."

"म्हणजे..."

"म्हणजे एक वर्ष. पुढच्या सामन्यात ते हेल्मेट वेटीचं, त्याचे गुण वीस आणि तुझे एकोणीस. आता समोरचे गडी त्याच्या मागे लागणार. त्याला शिकव ते डोक्यावर घेऊन कसं जगायचं, आणि तू परत जा आपल्या अंधारात. रेफ्रींना विसरायला थोडा वेळ दे मात्र."

तानेली उठला. एका पायात स्केट, दुसरा पाय मोज्यावर, त्यामुळे तो तिरपा उभा होता. त्याने घामाने निथळणारा हात पुढे केला. एन्सियोने त्या हाताकडे पाहिलं, आपल्या स्वच्छ बाहीकडे पाहिलं, आणि तरी घट्ट धरला.

"दोन वर्षं नाही जमणार?" तानेलीने विचारलं.

"बघा लेकाचा! एक फटका मारला, तोही बाहेर, आणि दोन वर्षं मागतोय!"

"आजोबा, चल की!" वेटी सौनाच्या दारातून ओरडला. आतून वाफेचा लोट आणि गाण्याचा गोंधळ एकदमच बाहेर येत होता. तानेलीने दुसरा स्केट तसाच ओढून काढला, नाडी तुटली तरी थांबला नाही, आणि हेन्रिकाला फोन लावत, अर्ध्या कपड्यांनिशी, त्या गोंधळात शिरला. "ऐक," तो फोनमध्ये ओरडत होता, "ऐक, नीट ऐक, माझा फटका गोलाच्या बाहेर गेला! हो, बाहेर! अगं, दोन हात बाहेर!"